पॉलिशखालचं लाकूड

नवरात्र उठलं की घरोघरी कपाटं भिंतीपासून ओढली जातात, माळे रिकामे होतात आणि वर्षभर ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं त्या लाकडी सामानावर एकदम माया उतू जाते. बादलीभर पाणी, त्यात कपडे धुण्याची पूड आणि एक जुना पंचा. आजोबांच्या वेळचं टेबल वरून, खालून, पार पायांपर्यंत खसाखसा धुऊन निघतं आणि वाळायला गच्चीवर उन्हात जातं. चार दिवसांत त्यावर पांढुरके डाग उमटतात, एखादी पट्टी सुटते, फळी वाकते. मग पॉलिशवाल्याची शोधाशोध सुरू होते. या दिवसांत चांगला पॉलिशवाला हाती लागणं कठीण असतं. त्याच्यापुढे आलेल्या सामानात पावसाने बिघडलेलं असतं, तसंच सफाईने बिघडलेलंही पुष्कळ असतं.

आपण लाकूड पुसतोय असं आपल्याला वाटतं, पण आपला हात लाकडापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. तो वरच्या थरावरून फिरतो. हा थर कागदाइतका, कधी त्याहूनही पातळ असतो. टेबलाची चमक, रंगाची खोली, स्पर्शाचा गुळगुळीतपणा हे सगळं त्याचं देणं. पाणी पहिल्यांदा झेलतो तोही तोच. म्हणून घरातल्या लाकडाची निगा राखायची तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: या लाकडावर लावलंय काय? ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. ते न कळता घासपूस केली तर सागवान असो की शिसव, नुकसान ठरलेलंच.

महाराष्ट्रातल्या घरांत याची उत्तरं साधारण चार-पाचच निघतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सागवानी टेबल, शिसवी पलंग, आरसा बसवलेलं कपाट असेल आणि मधल्या काळात कुणी हात लावला नसेल, तर त्यावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सुताराकडून करून घेतलेल्या सामानावर लॅकर, मेलामाइन किंवा पीयू असतं. कोकणातल्या जुन्या घरांतल्या तुळया, खांब, झोपाळ्याची फळी यांवर पुष्कळदा नुसतं तेल असतं. आणि आजच्या फ्लॅटमध्ये जे आपण लाकडी म्हणतो त्यातलं बरंचसं प्लाय किंवा एमडीएफवर चिकटवलेलं सनमायका असतं. तिथे लाकडाचा रंग आणि रेषा छापील असतात.

ओळखायची रीत सोपी आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या पायाच्या आतल्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही अशी जागा निवडायची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं पॉलिशचं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन त्या जागी मिनिटभर टेकवायचं. बोळा तपकिरी झाला, बोटाला चिकट लागलं, तर ती लाख. काहीच झालं नाही, तर दुसऱ्या बोळ्यावर थिनर घेऊन तेच करायचं. आता थर मऊ पडला तर लॅकर. त्यालाही थराने दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. या चाचण्यांच्या आधी एक थेंब साध्या पाण्याचा टाकून पाहिला तर आणखी एक गोष्ट कळते. थेंब गोल उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. तो आत मुरून तिथे काळसर डाग दिसू लागला, तर लाकूड उघडं पडलंय किंवा त्यावर फक्त तेल आहे. स्पिरिट आणि थिनर दोन्ही पेट घेणारे आहेत. दिवाळीत दारात पणत्या आणि देवापुढे निरांजन असतं, तेव्हा हे काम खिडक्या उघडून आणि ज्योतीपासून लांब, दिवसाउजेडी करावं.

यातलं मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं ते लाखेचं पॉलिश. ते आपल्या मातीतलं आहे. लाखेचा किडा पळस, बोर आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो, रस शोषतो आणि अंगातून जो चिकट स्राव सोडतो त्याचं फांदीभोवती कवच होतं. हे कवच खरवडायचं, दळायचं, धुऊन रंग काढायचा, वितळवून गाळायचं आणि पातळ पत्र्यासारखं ताणायचं. ते मोडलं की मधासारख्या रंगाच्या चकत्या मिळतात. बाजारात त्याला चपडा म्हणतात. झारखंड लाखेत आघाडीवर आहे आणि 1924 मध्ये लाखेवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली तीही रांचीजवळच, नामकुमला. आपल्याकडे पूर्व विदर्भात, गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला, पळसावर लाख घेतली जाते. लाख झटकन पेट घेते हे तर लाक्षागृहाच्या गोष्टीमुळे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

मध्य पुण्यातल्या एका बोळात हे पॉलिश अजून हाताने करणारे एक वयस्क कारागीर आहेत. दुकान म्हणजे एक खोली आणि समोरचा ओटा. कोपऱ्यात काचेच्या बरण्या. चपडा रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचा. बरणीवर खडूने तारीख लिहिलेली असते, कारण स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख महिन्यांगणिक म्हातारी होत जाते. जुनी झाली की लाकडावर चिकटच राहते, कडक वाळत नाही. ओट्यावर एक टीपॉय होता. वर कपाच्या बुडाएवढं पांढरं वर्तुळ.

‘‘काका, हे जाईल?’’

‘‘पांढरं आहे ना, मग जाईल. पाणी अजून वरच आहे.’’

त्यांनी जुन्या मलमलीच्या तुकड्यात कापूस घालून पुरचुंडी बांधली, तिच्यावर स्पिरिटचे मोजके थेंब सोडले, पुरचुंडी तळहातावर दाबून पाहिली. हाताला गारवा लागेल पण ओल लागणार नाही, इतकीच ती ओली हवी. मग वर्तुळावरून एक सरळ, चपळ फटकारा. विमान जसं धावपट्टीला टेकून लगेच वर उचलावं, तसा हात एका टोकाकडून येऊन दुसऱ्या टोकाकडे निघून गेला; मध्ये कुठेही थांबला नाही. थांबला असता तर पुरचुंडी त्या जागी चिकटली असती आणि पॉलिश सालीसकट उचकटलं असतं. एक फटकारा, मग वाट पाहणं. दुसरा, पुन्हा वाट. चौथ्या-पाचव्या वेळी वर्तुळ धूसर झालं आणि मग दिसेनासं झालं. नंतर त्याच पुरचुंडीवर पातळ लाख घेऊन त्यांनी गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत ती जागा भरून काढली. पुरचुंडी अडखळू नये म्हणून अधूनमधून तेलाचं एखादं बोट.

यात जादू नाही. पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. स्पिरिट लाखेला क्षणभर मऊ करतं, ओल निसटून जाते, थर पुन्हा सांधतो. लाखेच्या पॉलिशचा हा फार मोठा गुण. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे टेबलाचा एक कोपरा बिघडला तर तेवढाच कोपरा दुरुस्त करता येतो. पीयूला हे जमत नाही. ते पाण्याला, चहाला, गरम भांड्याला लाखेपेक्षा कितीतरी जास्त तोंड देतं, जेवणाच्या टेबलाला तेच योग्य. पण एकदा ओरखडा खोल गेला की बहुधा सबंध पृष्ठभाग घासून नव्याने करावा लागतो. घरी लाखेच्या टेबलावर हा स्पिरिटचा प्रयोग करायचा मोह आवरावा. हात बसलेला नसेल तर डागाच्या जागी भोक पडतं. डाग ताजा आणि फिका असेल तर तो दोन-चार दिवस कोरड्या हवेत उघडा ठेवावा. अनेकदा ओल आपण होऊन निघून जाते.

काळा डाग ही मात्र वेगळी गोष्ट. तो थराखाली, लाकडात असतो. सागवान, शिसव, ऐन यांसारख्या लाकडांत टॅनिन असतं. लोखंडाचा तवा, पत्र्याचा डबा, खिळा किंवा कुंडीखालची लोखंडी तिवई ओली होऊन लाकडावर राहिली, की लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. जुन्या शाईमागेही हीच क्रिया असे. कितीही पुसा, तो हलणार नाही. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. आधी त्या जागेचं पॉलिश पूर्ण काढायचं, आम्लाचे खडे कोमट पाण्यात विरघळवून लावायचे, डाग उतरला की स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यायचं. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे हवेत. वाळल्यावर त्या जागेवर काचपेपर मारताना नाकातोंडाला मास्क हवा. घरात लहान मूल असेल तर हे काम कारागिराकडेच सोपवावं.

पॉलिशवाले भर पावसाळ्यात लाखेचं काम शक्यतो घेत नाहीत. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि वाळता वाळताच पॉलिश पांढरं पडतं. त्यांचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो त्यामागे सणाइतकंच हवेचंही कारण आहे.

आणि हवा हा या सगळ्या प्रकरणातला खरा मोठा विषय. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. सर्वसाधारण लाकूड तीस टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत बराच काळ राहिलं, तर त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 6 टक्के पाणी धरून ठेवतं. पंच्याऐंशी टक्क्यांच्या हवेत, म्हणजे आपल्या किनारपट्टीवरच्या आषाढ-श्रावणात, हाच आकडा 18च्या आसपास जातो. पाणी आलं की लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या लांबीत ते जवळपास हलतच नाही. आडव्या अंगाला फुगतं. त्यातही वाढीच्या कड्यांच्या दिशेने जे फुगणं असतं ते गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या फुगण्याच्या दुपटीच्या आसपास असतं. फळी वाकते ती यामुळेच.

जुन्या सुतारांना ही टक्केवारी कुणी शिकवली नव्हती, तरी त्यांनी लाकडाची ही खोड पुरती ओळखली होती. जुन्या कपाटाचं दार नीट पाहा. बाहेरची चौकट कुसू घालून घट्ट जोडलेली असते, पण मधला तावदानासारखा फळा चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो. त्याला सरस नाही, खिळा नाही. पावसाळ्यात तो खाचेत फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि दार सरळ राहतं. उन्हाळ्यात फळ्याच्या कडेला बिनपॉलिशची फिकी रेघ दिसते ती त्याच्या आक्रसण्याची खूण. ती दोष समजून कुणी तिथे लांबी भरतो, कुणी फेविकॉल सोडतो. मग पावसाळ्यात फळ्याला हलायला जागा उरत नाही आणि तो मधोमध तडकतो किंवा चौकटीचा सांधा उघडतो. शंभर वर्षं टिकलेलं दार अशा एका दुरुस्तीने जातं, याचं फार वाईट वाटतं.

तसंच ड्रॉवरचं. जुलैत ड्रॉवर अडकू लागला की रंधा मारून घेतला जातो, आणि जानेवारीत तोच ड्रॉवर खुळखुळतो. पावसाळ्यात अडकणाऱ्या ड्रॉवरच्या कडांवर मेणबत्ती घासावी आणि हिवाळ्यापर्यंत थांबावं. रंधा मारायचाच असेल तर हवा कोरडी झाल्यावरही जो भाग घासतो तेवढ्यालाच.

आता एसीने नवा प्रश्न आणलाय. बाहेर नव्वद टक्के दमट हवा आणि आत, झरोक्यासमोरच ठेवलेलं शिसवी कपाट रोज आठ तास कोरड्या झोतात. परदेशी गेलेल्या मराठी घरांना याची झळ आणखी बसते. इथून हौसेने नेलेला सागवानी देव्हारा शिकागो किंवा टोरोंटोच्या पहिल्या हिवाळ्यात तडकतो, कारण बाहेर बर्फ असताना हीटर लावलेल्या घरातली हवा वाळवंटाइतकी कोरडी होऊ शकते. तिथे महागडं पॉलिश काही करत नाही. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि हवेत ओल सोडणारं ह्युमिडिफायर या दोन गोष्टी उपयोगी पडतात. देव्हारा हीटरच्या झरोक्यापासून लांब ठेवला तर निम्मी काळजी मिटते.

देव्हाऱ्याचा विषय निघालाच आहे तर जरा थांबायला हवं. घरातल्या कुठल्याही लाकडी वस्तूचे होत नाहीत इतके हाल देव्हाऱ्याचे होतात, आणि तेही भक्तिभावाने. अभिषेकाचं पाणी, पंचामृताचे थेंब, समईचं तेल, हळदकुंकू, उदबत्तीची राख, आणि वर कमानीला निरांजनाची काजळी. लाख उष्णतेने मऊ पडते. समई कमानीच्या फार जवळ असेल तर पॉलिश रोज थोडं मऊ होतं आणि काजळी त्यात रुतत जाते. ती ओल्या फडक्याने पुसली की काळा चिखल नक्षीच्या खाचांत शिरतो आणि मग काही केल्या निघत नाही. काजळी आधी कोरडीच काढायची: मऊ केसांचा ब्रश एका हातात, व्हॅक्यूम क्लीनरची नळी दुसऱ्या हातात, नळी लाकडाला न टेकवता. जे उरेल ते स्वच्छ रबराने हलकेच उचलायचं. तेलकट थर राहिलाच तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब वाटीभर कोमट पाण्यात घालायचा, त्यात कापूस बुडवून पिळायचा आणि तळहाताएवढी एकेक जागा पुसून लगेच कोरडी करायची. रोजच्या पूजेसाठी आत पितळी ताम्हण किंवा काठाची थाळी ठेवली, समई बाहेर पाटावर घेतली, तर मुळात हे करायची वेळच क्वचित येते.

कोरीव कामाची धूळ हा प्रकार किती चिवट असतो हे पाहायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारांसमोर उभं राहावं. दिनकर केळकरांनी गावोगावच्या मोडत्या वाड्यांतून गोळा करून आणलेलं आणि 1975 मध्ये राज्य सरकारला दिलेलं हे धन. वेलबुट्टीच्या एकेका पाकळीखाली धूळ बसायला जागा असते. अशा कामावर फडकं फिरवलं की ते टोकांना अडकतं, तुकडा उडतो. तिथे रंगाऱ्याचा मऊ ब्रशच हवा, तोही वरून खाली. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. फडकं दाबून घासलं की ते काचपेपरासारखे ओरखडे काढतात. घरीही हाच नियम धरावा: आधी धूळ उचलायची, मग पुसायचं.

संग्रहालयांतले संवर्धक नाजूक पृष्ठभागावरचा मळ काढायला कापसावर स्वतःची लाळ घेतात, हे ऐकून अनेकांना किळस येते. पण ती चांगली कसाला लागलेली रीत आहे. पोर्तुगीज संशोधकांनी 1990 मध्ये लाळेची ही ताकद तपासली, आणि तिच्यातलं अमायलेज हे विकर मळ सोडवतं असं दाखवलं. या कामाला 2018चं रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. मुद्दा लाळेचा नाही, मात्रेचा आहे: कोमट, किंचित ओलसर, एवढ्याने भागतं.

आता तेल. आपल्याकडे लाकूड निस्तेज दिसलं की खोबरेल चोळायची पद्धत आहे. दोन दिवस छान दिसतं. पण खोबरेल वाळत नाही. ते तसंच ओशट राहतं, धूळ धरतं, काही महिन्यांनी खवट वास येतो, आणि पुढे पॉलिश करायला घेतलं की त्या जागी पॉलिश धरत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून चोळायचा जो उपाय हल्ली फिरतो, त्याची गतही तीच. जवसाचं तेल वेगळं. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या छिद्रांत पातळ पापुद्रा धरतं. म्हणून बिनपॉलिशच्या झोपाळ्याला, खांबांना, दाराच्या चौकटीला ते योग्य. अगदी पातळ हात द्यायचा, पाऊण तासाने उरलेलं सगळं तेल पुसून घ्यायचं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा. जाड हात दिला तर महिनाभर चिकट राहील. बाटलीवर टीक ऑइल लिहिलेलं असलं तरी आत सागाचं काही नसतं. असंच वाळणारं तेल पातळ केलेलं असतं.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्याबद्दल मात्र फार सावध राहावं. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच साठते आणि ती आपोआप पेटू शकतात. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीला फेब्रुवारी 1991 मध्ये आग लागली ती अशाच फडक्यांमुळे, आणि त्यात तीन अग्निशमन जवानांचा बळी गेला. फडकं पूर्ण उलगडून मोकळ्या हवेत वाळत घालावं किंवा पाण्यात बुडवून मग टाकावं. सुतारकाम चालू असलेल्या घरांत हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठासून सांगतोय.

पॉलिश शाबूत असेल तर वर्षातून एकदा मेणाचा हात पुरे. मधमाश्यांचं शुद्ध मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. ते साठ-पासष्ट अंशांना पातळ होतं. मग गॅसपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन मिसळायचं. गार झाल्यावर लोण्यासारखं होतं. फडक्यावर नखभर घेऊन रेषांच्या दिशेने चोळायचं, वाळू द्यायचं, कोरड्या कापडाने चमकवायचं. दर महिन्याला मेण लावणारी घरंही असतात. तिथे मेणाचे थर साचून सगळं काळपट दिसतं. झटपट चमक देणाऱ्या फवाऱ्यांत पुष्कळदा सिलिकॉन असतं. ते सांध्यांतून लाकडात शिरलं की पुढच्या पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. मी ते जुन्या सामानाच्या जवळपासही येऊ देत नाही.

किडीबद्दल थोडक्यात. वाळवी आणि भुंगा यांत गल्लत होते. वाळवी जमिनीतून, भिंतीतून मातीच्या नळ्या करत येते; तिला ओल लागते, आणि तिचा इलाज कपाटात नव्हे, भिंतीत आणि जोत्यात करावा लागतो. भुंगा लाकडातच असतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. ही पूड जुनी की ताजी, हे ओळखायला कपाटाखाली काळा कागद पसरून ठेवावा. आठवड्याने त्यावर नवी पूड दिसली तर कीड जिवंत आहे, नाहीतर ती कधीच उडून गेली आणि भोकं फक्त मेणाने बुजवायची आहेत. हे न तपासता घरभर औषध फवारून घेणारे अनेक. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे. लागते ती कडेच्या फिक्या, कोवळ्या भागाला आणि स्वस्त प्लायला. जिवंत भुंगा मारायला उन्हात ठेवणं पुरत नाही. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी जागतिक नियम आहे तो लाकडाच्या गाभ्यात 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं राहण्याचा, आणि कपाटाच्या गाभ्यापर्यंत तेवढी ऊब आपलं ऊन पोचवत नाही. उलट पॉलिश फाटतं. भोकांत सुईने औषध सोडणारा जाणता माणूस बोलवावा.

बुरशीचं मूळ बहुधा भिंतीत असतं. ओल्या भिंतीला पाठ टेकवून ठेवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढलं, मागून हवा खेळू दिली, की निम्मी बुरशी पुन्हा येत नाही. आलेली बुरशी बाहेर गॅलरीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडावी. ती स्पिरिटने पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. मेलामाइनवर तो चालतो. लाखेवर तो बुरशीबरोबर पॉलिशही घेऊन जातो.

आता जे पाहून खरोखर जीव तुटतो त्याबद्दल. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मोडलेल्या वाड्यांची दारं, पलंगाचे खांब, पेटारे येतात. लवकर विकायचं म्हणून पुष्कळ ठिकाणी ते कॉस्टिक सोड्याने धुतात. शंभर वर्षांचा थर तासाभरात उतरतो. सोबत सागाचा रंग काळवंडतो, रेषा खरबरीत उभ्या राहतात आणि सांध्यांतला सरस विरघळतो. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. फेविकॉल 1959 मध्ये बाजारात आलं त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, सुताराच्या शेगडीवर सरसाचं भांडं उकळत असे. सरसाचा मोठा गुण म्हणजे तो ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, त्यामुळे खुर्चीचा पाय न मोडता काढून पुन्हा बसवता येतो. जुन्या खुर्चीच्या हलत्या सांध्यात वरून फेविकॉल ओतणं म्हणजे पुढच्या सुताराची वाट बंद करणं. सुताराला सांधा उघडून, खरवडून, नव्या सरसाने बसवायला सांगावं. तो कंटाळा करेल. तरी सांगावं.

शिसवाला तर जपायलाच हवं. आपला शिसव आणि त्याच्या कुळातली सगळी झाडं जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहेत. गोव्यात चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझांच्या घरातल्या कोरीव खुर्च्या ज्या जाडीच्या शिसवाच्या आहेत, त्या जाडीचं लाकूड आज मिळणं दुरापास्त. अशा लाकडावर पांढरा रंग मारून त्याला नवं रूप देण्याची टूम आली आहे. रंग छिद्रांत जातो आणि पुढे कितीही सोललं तरी तिथून निघत नाही. ज्यांना पांढरं कपाट हवं त्यांनी ते प्लायचं करून घ्यावं आणि शिसवी कपाट ज्याला हवंय त्याला द्यावं.

काचपेपर लावण्याआधी कडेला नख लावून वेनिअर तर नाही ना, ते पाहावं. सजावटीचं वेनिअर बहुधा अर्धा मिलिमीटर जाड असतं. मशीनने दोन मिनिटं घासलं की खालचं प्लाय दिसू लागतं आणि त्यावर उपाय नाही. प्लाय आणि एमडीएफचा शत्रू एकच, कडांतून शिरणारं पाणी. सनमायका खुशाल ओल्या फडक्याने पुसा, पण सिंकखालच्या कपाटाच्या तळाची कडा, फरशी पुसताना भिजणारी खालची पट्टी, या जागा मेणाने किंवा पट्टीने बंद करून ठेवा. फुगलेला एमडीएफ पुन्हा बसत नाही.

राहिले पाट, चौरंग आणि पोळपाट. पोळपाट-लाटण्यावर कसलंही पॉलिश नको. वाहत्या पाण्याखाली झटकन धुऊन, पुसून, उभं करून वाळवावं, रात्रभर ओट्यावर ओलं पडू देऊ नये. वेताची खुर्ची खोलगट झाली असेल तर उलटी करून विणीला खालून कोमट पाण्याचा हात द्यावा आणि सावलीत वाळू द्यावी. वेत आक्रसून पुन्हा ताणला जातो. बसायची घाई मात्र नको, दुसऱ्या दिवशीच बसावं.

या दिवाळीत पॉलिशवाला घरी आलाच, तर तो काम संपवून निघण्याआधी एक गोष्ट करून घ्या. कोणतं पॉलिश लावलं, कधी लावलं, रंगासाठी काय मिसळलं, कुठला सांधा सरसाचा आणि कुठला फेविकॉलचा, हे चार ओळींत लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या खेपेला, मग ती दहा वर्षांनी येवो की तीस, जो कुणी बोळा आणि स्पिरिट घेऊन कपाटासमोर बसेल त्याला ते आधी वाचायला मिळेल.